नाना, मशिन व्यवस्थित चालू आहे

आदरणीय नाना,

सप्रेम नमस्कार.

हे व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण खान्देशात आणखी कुणी गेम खेळायचं जुनं मशिन, प्लेस्टेशन टू, पिशवीत घालून दुकानं हिंडत असेल, तर त्याला कळावं की जळगावच्या पेठेत टीव्ही दुरुस्त करणारा एक माणूस असं मशिन अजून मन लावून उघडतो. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

तुम्ही विचारलं होतं, "एवढं काय आहे रे या खेळात?" दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, उत्तर राहून गेलं. आज सविस्तर देतो.

खेळाचं नाव सोकॉम, दोन संघांनी बंदुका घेऊन लढायचा व्हिडिओ गेम. पहिला भाग अमेरिकेत ऑगस्ट २००२ मध्ये आला, प्लेस्टेशन टूला इंटरनेट जोडायचं नेटवर्क अडॅप्टर निघालं त्याच सुमारास. टीव्हीला जोडलेल्या मशिनवरून इंटरनेटवर खेळायचं आणि खेळता खेळता बोलायचं, हे तेव्हा नवं होतं. खेळाच्या खोक्यातच हेडसेट मिळायचा. नोव्हेंबर २००३ मध्ये दुसरा भाग आला, तो आमचा. मी न्यू जर्सीत प्रोजेक्टवर होतो, शिरपूरचा माझा मित्र डॅलसला. एकीकडे आठ, दुसरीकडे आठ. फेरीत एकच जीव. गोळी लागली की फेरी संपेपर्यंत बाकीच्यांचा खेळ बघत बसायचं. आधी सहा फेऱ्या जिंकेल तो संघ विजयी. एकच जीव असल्यामुळे कुणी उगाच पळत सुटायचं नाही. भिंतीला चिकटून पावलांचे आवाज ऐकायचे, आणि सोबत्यांना सांगायचं.

सांगणं हाच खरा खेळ होता, नाना. वॉकीटॉकीसारखं बटण दाबून बोलावं लागायचं, एकाचं संपलं की दुसऱ्याचं. मित्र ओरडायचा, "कथा शे रे?" म्हणजे कुठे आहे रे? मी म्हणायचो, "आठेच शे, भितना मांगे!" म्हणजे इथेच, भिंतीमागे. संघातल्या अमेरिकन पोरांना सुरुवातीला काही कळेना. मग तेच फेरी सुरू झाली की "चाल भो!" म्हणायला लागले. परदेशात दिवसभर ऑफिसात तोलूनमापून इंग्रजी बोललेल्या माणसाला रात्री अहिराणीत ओरडायला मिळणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. घरी फोन करायचा तर कॉलिंग कार्डची मिनिटं मोजावी लागत. इथे खेळातल्या क्रॉसरोड्स नावाच्या ठिकाणच्या गल्ल्यांत आम्ही शिरपूरच्या कापसाचा भावसुद्धा बोललोय.

पुढे दोघं परत आलो. हा खेळ बनवणारी झिपर इंटरॲक्टिव्ह २०१२ मध्ये बंद झाली आणि त्याच वर्षी ३१ ऑगस्टला जुन्या सोकॉमचे अधिकृत सर्व्हरही बंद झाले. मशिन माळ्यावर गेलं. मग कळलं की चाहत्यांनी खेळाची सर्व्हरशी होणारी देवाणघेवाण तपासून स्वतःचे सर्व्हर उभे केलेत. मशिन काढलं, तर ते डिस्कच वाचेना. दोन-तीन दुकानांत "भंगारात द्या" एवढंच ऐकायला मिळालं. कॉम्प्युटरवर तोच खेळ चालवता येतो हे मलाही माहीत होतं. मला तेच मशिन हवं होतं, तोच कंट्रोलर आणि तोच हेडसेट.

तुम्ही आधी मशिन उलटं करून मागचं लेबल वाचलं. "हे १२० व्होल्टचं आहे. आपल्या २३० वर लावलं तर गेलं," असं म्हणून वायर बाजूला ठेवलीत. बाकी कुणी लेबलकडे बघितलंही नव्हतं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणायला लावलात आणि त्यावर लाल मार्करने "फक्त प्लेस्टेशन" लिहून दिलंत. घरात कुणी त्यावर भलतंच काही लावू नये म्हणून. मग लेन्स साफ केली, लेन्स सरकते त्या रेलवरचं वाळलेलं ग्रीस काढलं, तरी डिस्क घेईना, तेव्हा बंद पडलेल्या दुसऱ्या मशिनची लेन्स बसवलीत. घड्याळाचा बटण सेल मी मागितलाही नव्हता, तोही बदललात. पावतीवर लेन्स, सेल, मजुरी असं वेगवेगळं लिहिलंत. त्या पावतीचं मला फार कौतुक वाटतं. कशाचे पैसे दिले ते मला नीट कळलं.

आणि नेटवर्कचं काम "हे माझं नाही" म्हणून सोडून देता आलं असतं. तुम्ही मुलीला बोलावलंत. तिने चाहत्यांच्या सूचना ओळ न ओळ वाचल्या, मेमरी कार्डवर नवी नेटवर्क सेटिंग तयार केली, मशिन चाहत्यांच्या सर्व्हरकडे जावं म्हणून डीएनएसचा पत्ता बदलला. तिच्या जन्माच्या आधीचा हा खेळ! लॉबीतल्या, म्हणजे खेळाडू जमतात त्या जागेतल्या, खोल्यांची यादी पडद्यावर उमटली तेव्हा ती माझ्याआधी ओरडली. तिलाही माझे मनापासून आभार सांगा.

आता रविवारी सकाळी, म्हणजे अमेरिकेत शनिवारची रात्र असताना, मी बसतो. जळगावातून तिकडे सिग्नल जायला वेळ लागतो, समोरचा कोपऱ्याआड गेल्यावर माझी गोळी पोहोचते. त्याचं काही वाटत नाही. जुन्या संघातला एक जण भेटला. आवाज जाड झालाय, नातवाबद्दल बोलत होता. मी कोण हे सांगितल्यावर त्याने पहिलं काय म्हटलं असेल? "चाल भो!"

शिरपूरच्या मित्राला हे कळल्यापासून तो रोज फोन करतोय. त्याच्याकडेही तेव्हाचंच मशिन आहे, तेही १२० व्होल्टचं. लावून बघू नको म्हणून त्याला बजावलंय. त्याचा ट्रे उघडत नाही. येत्या शनिवारी तो एसटीने येतोय, दुपारी दोनच्या सुमारास घेऊन येऊ का? त्या वेळी तुम्ही जेवायला जात असाल तर चारला येतो.

तुमचा,
गिरणा टाकीजवळचा प्लेस्टेशनवाला