तिकीट मी रद्द केलंय

प्रिय आई-बाबा,

तिकीट कालच रद्द केलं. हे आधी सांगून टाकते, नाहीतर आई चार ओळी वाचून फोन करेल आणि मला बोलता येणार नाही.

परवा 'थोडी कणकण आहे' म्हणाले, ते अर्धंच खरं होतं. पिल्लूने पाळणाघरातून हात-पाय-तोंडाचा आजार आणला. त्याचं दोन दिवसांच्या तापावर भागलं. माझ्या मात्र तळहातांवर, तळपायांवर, तोंडाभोवती, अगदी कोपरांवर आणि मांड्यांवरही फोड उठले, काही पाण्याचे, काही जांभळट. डॉक्टरांना आधी कांजिण्याच वाटल्या. लहानपणी होऊन गेल्यात म्हटल्यावर त्यांनी तळवे पुन्हा पाहिले. कॉक्सॅकी ए६ नावाचा विषाणू असणार म्हणाले. हा मोठ्या माणसांनाही धरतो आणि नेहमीच्या जागा सोडून भलतीकडेच उठतो. (बाबा, नकाशा काढालच म्हणून सांगते : कॉक्सॅकी हे न्यूयॉर्क राज्यातलं गाव, त्यावरून हे नाव.) जनावरांच्या लाळ्या-खुरकताशी याचा काही संबंध नाही, तेवढं आईने मनातून काढावं.

मी ठीक आहे. खरंच. गार, पातळ गिळता येतंय, झोप लागते, घरात कुणी मला भांडं उचलू देत नाही. याला वेगळं औषध नसतं, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, सात-दहा दिवसांत आपोआप ओसरतो. महिना-दोन महिन्यांनी एखाददुसरं नख गळेल कदाचित. व्हिडिओ कॉलवर दिसलं तर किंचाळू नका, खालून नवं येतं.

ताप उतरलाय मग यायला काय झालं, हे आई विचारणारच. फोड सुकले तरी विषाणू शौचावाटे कित्येक आठवडे बाहेर पडतो. साबणाने हात धुतले की बरंचसं निभावतं, पण पिल्लू आजोबांच्या ताटात हात घातल्याशिवाय राहणार आहे का? त्यात बाबांच्या त्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात.

आणि मी एकदा दिलंय तुम्हाला.

दुसरीत होते, कांजिण्या आल्या होत्या. खाजवू नये म्हणून आई माझ्या हातांवर बाबांचे मोजे चढवायची आणि रात्रभर फुंकर घालत बसायची. मी आठवड्यात उड्या मारायला लागले, बाबा तीन आठवडे अंथरुणात. 'लेकीने दिलं ते घेतलं' म्हणून हसलात तुम्ही. दाराआड आई रडत होती, ते मला माहीत आहे. असो.

तो कांजिण्यांचा विषाणू गेलेला नाही, बाबा. तो मज्जातंतूंच्या मुळाशी निजून असतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली की नागीण होऊन उठू शकतो. आधी अंगाच्या एकाच बाजूला आग होते, टोचतं. पुरळ काही दिवसांनी दिसतं. तेव्हा 'झोपेत अवघडलं असेल' हे चालणार नाही. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू व्हायला हव्यात. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर उठलं तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. आई, 'वेटोळं पुरं झालं की माणूस जातो' असं सांगायला कुणी आलं तर दारातूनच परत पाठव. नागीण बहुधा शरीराची मधली रेघच ओलांडत नाही.

तिची लस आहे, पन्नाशीनंतर देतात, दोन डोस. बाबांच्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असताना कोणती चालेल ते पुढच्या तपासणीला विचारायचंच. आई, कागदावर लिहून तूच ने. बाबा आत गेले की फक्त हवापाण्यावर बोलतात.

वाढदिवसाला मी नसेन, बाबा. दिवसभर तेवढंच डोक्यात आहे. दीड-दोन महिन्यांत येते, नखांसकट किंवा नखांशिवाय. माझी निळी चादर बाहेर काढून ठेवा, धुऊ नका.

तुमची,
मनी