शेवटच्या गाडीतल्या काकूंना

प्रिय काकू,

आपल्या स्पोर्ट्स कार क्लबच्या वार्षिक जेवणात मी माईक हातात घेतला आणि तुम्ही समोरच्या टेबलावरून नुसतं बोट खाली दाखवलंत. बसलो. तेव्हापासून घशात अडकलेलं आज इथे लिहितोय, आणि मुद्दाम मराठीत लिहितोय. इंग्रजीत लिहिलं असतं तर क्लबातल्या झाडून सगळ्यांनी वाचून तुम्हाला फोन केले असते आणि मग तुम्ही मला थेट कऱ्हाडहून झापलं असतं. मराठीत आहे म्हणजे झापालच, पण फोन तरी वाचतील.

बाकीच्या वाचकांसाठी थोडी ओळख. मी डोंबिवलीचा. घरात गाडी कधी नव्हती, इमारतीत ती लावायला जागाही नव्हती. नोकरीने अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला आणून टाकलं तेव्हा इथे ओळखीचं एक माणूस नव्हतं. शनिवार-रविवार भिंतीकडे बघून काढले आणि एक दिवस डोकं फिरून १९९५ सालची पांढरी माझदा मियाटा घेतली. आईला फोनवर सांगितलं, ‘स्पोर्ट्स कार घेतली.’ ती म्हणाली, ‘किती सीट?’ म्हटलं, दोन. ‘मग आम्ही आल्यावर कुठे बसायचं?’ या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

स्पोर्ट्स कार क्लब म्हटलं की आपल्याकडे लोकांना फेरारी, काळे गॉगल आणि बापाचे पैसे दिसतात. माझी गाडी सोफा आणि टीव्ही मिळून जेवढ्याला येईल तेवढ्याला आली. मियाटा पहिल्यांदा दाखवली ती १९८९ च्या फेब्रुवारीत, शिकागोच्या मोटर शोमध्ये. जुन्या ब्रिटिश उघड्या गाड्यांची सगळी मजा, फक्त रोज सकाळी चालू होणारी. वजन जेमतेम एक टन. २०१६ साली दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली, म्हणजे वेडे काही थोडेथोडके नाहीत. माझदावाले याला ‘जिनबा इत्ताई’ म्हणतात, घोडा आणि स्वार एक झालेले. तुम्ही हे ऐकून म्हणाला होतात, ‘आमच्याकडं बैलगाडा हाकणाऱ्याला इचार की, त्याला जपानी शब्द लागत न्हाई.’

तुमची माझी पहिली भेट आठवते का? रविवारी सकाळचा कॉफीचा कट्टा, एका बेकरीच्या आवारात. पंचवीसेक मियाटा बॉनेट उघडून उभ्या. एक निवृत्त पोस्टमन, एक दंतवैद्य, शाळेत बँड शिकवणाऱ्या एक बाई, आणि कोपऱ्यात लाल गाडीच्या टायरला खडूने रेघा ओढत बसलेल्या साठी ओलांडलेल्या एक मराठी काकू, पायांत कोल्हापुरी. मला वाटलं, कोणाची तरी आई गाडीजवळ बसवून ठेवलीय. म्हणून मी विचारलं, ‘काकू, मुलगा कुठाय?’ तुम्ही वर न बघता म्हणालात, ‘मुलगा न्हाई. गाडी माझी हाय. खडू धर.’

त्या रेघांचा अर्थ दुपारी कळला. रिकाम्या पार्किंगमध्ये नारिंगी शंकू मांडून एकेका गाडीने घड्याळ लावून पळायचं, त्याला ऑटोक्रॉस म्हणतात. वळणात टायर किती कलंडतो ते खडू पुसला गेला त्यावरून दिसतं आणि हवा तशी कमीजास्त करायची. माझी पहिली फेरी ५८ सेकंदांची, त्यात तीन शंकू उडवले. शंकूला दोन सेकंद दंड, म्हणजे ६४. तुमची ४९. मग तुम्ही हेल्मेट घालून माझ्या शेजारी बसलात आणि सबंध फेरीत एकच वाक्य चार वेळा बोललात. ‘ह्या शंकूकडं बघू नगंस, त्याच्या पुढच्याकडं बघ.’ चौथ्यांदा जरा जोरात. त्या फेरीत एकही शंकू पडला नाही. आणि मी खुशीत निघालो तर तुम्ही हातात लाल झेंडा देऊन उन्हात उभं केलंत, कारण जो पळतो त्याने दुसऱ्यांच्या फेरीत शंकू उचलायला उभं राहायचं असतं. फुकट मजा नाही, हा या खेळाचा सगळ्यात चांगला नियम आहे असं माझं मत.

पण आभार याचे नाहीत. आभार त्या ऑक्टोबरचे.

क्लबची वर्षातली मोठी सहल, डोंगरात तीन दिवस. नॉर्थ कॅरोलिना आणि टेनेसीच्या हद्दीवर ‘टेल ऑफ द ड्रॅगन’ नावाचा रस्ता आहे, ११ मैलांत ३१८ वळणं. लोक याचं नाव काढलं की शर्यतीची भाषा बोलायला लागतात. तिथे वेगाची मर्यादा ताशी ३० मैल आहे, आणि समोरून मोटरसायकली येत असतात. मी पहिल्या दिवशी भलत्याच जोमात. वळणांवर फोटोग्राफर बसलेले असतात, ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा फोटो काढून नंतर विकतात. माझा एक फोटो फार सुंदर आला होता. टप उघडा, चेहऱ्यावर हसू, आणि डावं पुढचं चाक रस्त्याच्या मधल्या पिवळ्या रेघेच्या वीतभर पलीकडे. तुम्ही तो विकत घेतलात, छापून आणलात आणि त्या रस्त्याच्या टोकाशी, डील्स गॅपला, एका झाडाखाली माझ्या हातात ठेवलात. ‘ट्री ऑफ शेम’ म्हणतात त्या झाडाला. अपघात झालेल्या गाड्यांचे तुकडे फांद्यांना लटकवलेले असतात, बंपर, आरसे, हँडल. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, ‘तुझं काय टांगायचं?’ फोटो अजून माझ्या फ्रिजवर आहे.

दुसऱ्या दिवशी टेलिको प्लेन्सला जेवून आम्ही चेरोहाला स्कायवेने परत निघालो. चेरोकी आणि नांताहाला या दोन जंगलांच्या नावांची सांधेजोड म्हणजे चेरोहाला. १९९६ मध्ये खुला झालेला हा सुमारे ४३ मैलांचा रस्ता पाच हजार फुटांच्या वर चढतो. वर पेट्रोल पंप नाही, फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. पानं लाल-पिवळी झालेली. बारा गाड्यांची रांग, पुढे वाट दाखवणारा, आणि नेहमीप्रमाणे सगळ्यात शेवटी तुम्ही.

हे शेवटी असणं म्हणजे काय ते लोकांना कळत नाही. क्लबात सगळ्यांत वेगवान बाई, आणि ती सबंध डोंगर सगळ्यांत हळू गाडीच्या मागून उतरते. समोर कायम कोणाचं तरी मागचं दिवे लावलेलं ढुंगण, नाकात त्याचा धूर. वळणावर मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं हा नियम बाकीच्यांना, आणि तुमच्या मागे तर कोणीच नाही. वॉकीटॉकीवर तुमचा आवाज यायचा, ‘सगळी आली,’ की पुढचा हलायचा. अमेरिकन मंडळींनासुद्धा ते दोन मराठी शब्द पाठ झालेत. पोस्टमनकाका तर फार गोड म्हणतात, ‘सग्ली आली.’

तर एका थांब्यावर मी गाडी बंद केली, फोटो काढले, परत बसलो आणि क्लच दाबला. पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. बाकीचे पुढे गेलेले. वॉकीटॉकी डोंगराआड पोचेना. मी सांगायच्या आधी तुम्ही उतरून बोटाने पेडल उचललंत, सोडलंत, ते पुन्हा मेल्यासारखं पडलं. तुम्ही हसलात. ‘खालचा सिलिंडर गेला. सगळ्यांचा जातो. माझा दोनदा गेलाय.’ म्हणजे पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत पोचवणारा गिअरबॉक्सजवळचा छोटा सिलिंडर.

मला वाटलं आता टो ट्रक, रात्र, अस्वलं. तुम्ही म्हणालात, ‘चालवत न्यायची.’

मग ते शिक्षण. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाक. पेडल दाबून धर, मेलेलं असलं तरी, नाहीतर स्टार्टर ऐकायचा नाही. आता चावी फिरव. गाडीने उंटासारखा धक्का देऊन उडी मारली आणि चालायला लागली. दुसरा टाकायचा तर पायाने ॲक्सिलरेटर सोड, गिअर अलगद मोकळा होतो. मग इंजिनाचा आवाज उतरू दे, आणि दांडा दुसऱ्याच्या तोंडाशी नुसता टेकवून ठेव. ‘ढकलू नगंस. त्याला आत यायचं असंल तवा तो येतोय.’ आणि खरंच, एका क्षणी, बोटाच्या जोरावर, लोण्यात सुरी जावी तसा तो आत गेला. माझ्या आयुष्यात त्या ‘खट्’ इतका समाधानाचा आवाज मी फार कमी वेळा ऐकलाय.

सगळा उतार तुम्ही माझ्या मागे, धोक्याचे दिवे लावून. मधे एकदा वॉकीटॉकीवर तुम्ही सांगितलंत की हे तुम्हाला तुमच्या वडिलांनी कुंभार्ली घाटात शिकवलं. त्यांच्या वडाप जीपचा क्लच गेला होता, आत चौदा माणसं आणि दोन कोंबड्या, आणि चढणाऱ्या गाड्यांना वाट द्यायला दर वळणावर थांबायचं. तुम्ही तेव्हा सोळा वर्षांच्या. ‘तुला निदान कोंबड्या न्हाईत,’ असं म्हणून आवाज बंद.

रॉबिन्सव्हिलच्या मोटेलच्या आवारात पोचलो तेव्हा अंधार पडला होता. मी म्हटलं, उद्या मेकॅनिक शोधतो. तुम्ही डिकी उघडलीत. मियाटाची डिकी म्हणजे मोठी पिशवी फार तर, आणि त्यात तुमचा तिखट पुऱ्यांचा स्टीलचा डबा, त्याखाली जॅक, दोन स्टँड, पान्यांची गुंडाळी आणि कोऱ्या खोक्यात नवा सिलिंडर. मला वाटलं आता तुम्ही बसवणार. तुम्ही डबा घेतलात आणि पुठ्ठा जमिनीवर टाकून मला म्हणालात, ‘शिर आत.’

गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला दोन बोल्ट, बाराचा पाना. तेलाच्या नळीचं नट दहाचं, ते हळू, नळी पिळली तर काम वाढलं. एअर काढायच्या निपलला आठचा. हे सगळं मी आज झोपेत सांगीन, पण त्या रात्री दंतवैद्य टॉर्च धरून उभा, पोस्टमनकाका ब्रेक ऑइलची बाटली घेऊन, बँडच्या बाई उगाचच सूचना देत, आणि मी पाठीवर, बाहीतून तेल थेट काखेपर्यंत. तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर पुरी खात बसलेल्या. ‘दाबलं.’ मी निपल सोडायचा, फसफस बुडबुडे. ‘आवळ.’ मी आवळायचा. ‘उचललं.’ असं किती वेळा झालं कोण जाणे. एकदा मी आवळायच्या आधीच तुम्ही पाय उचललात, हवा परत आत गेली, आणि तुम्ही मोठ्याने ‘माझी चूक!’ म्हणून आरोळी दिलीत. शेवटी बुडबुडे थांबले, पेडल वर आलं, आणि बॉनेटच्या कडेला ऑइल सांडलं होतं त्यावर तुम्ही तांब्याभर पाणी ओतलंत, रंग खाईल म्हणून. तेव्हा कुठे मला पहिली पुरी मिळाली. तेलकट हातांनीच खाल्ली.

तुम्ही वीस मिनिटांत ते काम केलं असतं. मला पावणेदोन तास लागले आणि त्यात सगळ्यांची जेवणं थंड झाली. कोणी एक शब्द बोललं नाही. हे पावणेदोन तास तुम्ही मला दिलेत, काकू, आणि माइकवर मला एवढंच सांगायचं होतं.

बाकीचं तुम्हाला माहीतच आहे. पुढच्या वर्षी व्हर्जिनिया इंटरनॅशनल रेसवेला ट्रॅकवर गाडी न्यायची तर ‘आधी रोल बार, मग गप्पा’ असा दम तुम्हीच दिलात. रोल बार म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान. ३.२७ मैलांचा तो ट्रॅक, आणि ‘ओक ट्री’ नावाच्या वळणावर, ज्याच्यावरून ते नाव पडलं ते २०१३ मध्ये पडलेलं झाड शोधत बसलो म्हणून ब्रेक उशिरा लागला, तेही तुम्हाला थर्मास घेऊन उभं असताना दिसलंच असणार. पण मला शर्यत खरी कळली ती पांढरे कपडे घालून तुमच्याबरोबर वळणावर झेंडे धरायला उभा राहिलो तेव्हा. स्पेक मियाटांचा तो थवा, सगळ्या एकसारख्या गाड्या, तीन-तीन शेजारी, आरशाला आरसा लावून वळणात शिरतात आणि कोणीतरी एक मागे सरतो. तुम्ही पुढच्यांकडे बघतच नव्हता. पिवळा झेंडा काखेत, नजर शेवटच्या गाडीवर.

तुम्ही कऱ्हाडला गेलात त्याला दोन महिने झाले. तुमची लाल गाडी ज्या मुलीने घेतली ती परवा कट्ट्यावर आली होती. मी विचारलं, काकूंनी किल्ली देण्याआधी काय काय करायला लावलं? तिने नुसते हात पुढे केले. नखांत अजून काळं होतं.

या ऑक्टोबरला डोंगरात शेवटची गाडी माझी असेल, आणि तुमची लाल गाडी बरोबर माझ्यापुढे. नवा सिलिंडर खोक्यासकट डिकीत आहे, पुठ्ठाही. फक्त पुऱ्या मला जमत नाहीत, दोनदा केल्या, दोन्हीदा कडक झाल्या. मोहन किती घालता आणि ओवा भरडून की अख्खा, एवढं मात्र कळवा.

तुमचा,
पांढऱ्या गाडीवाला