महाराष्ट्र एक्सप्रेस आणि स्लीपरचे डबे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली बऱ्याच लांबच्या गाड्यांमधले स्लीपरचे डबे कमी करून तिथे थ्री एसी लावतायत, त्याबद्दल लिहायचंच होतं. मी मूळचा अमरावतीचा, सत्तरच्या दशकाच्या शेवटी इंजिनिअरिंगला सांगलीला होतो, आणि घरी जायला तेव्हा आम्हा विदर्भातल्या पोरांना एकच गाडी माहीत, महाराष्ट्र एक्सप्रेस. कोल्हापूरहून निघून मिरज, सांगली, सातारा, पुणे, दौंड, नगर, मनमाड, भुसावळ, अकोला करत नागपूरला जाणारी, म्हणजे राज्य न सोडता बाराशेहून जास्त किलोमीटर! आताही धावते, पुढे गोंदियापर्यंत.

या गाडीत बसलं की अख्खा महाराष्ट्र डब्यात चढायचा आणि उतरायचा. कराडला चढलेली आजी भाकरी ठेचा सोडणार आणि समोरच्या अनोळखी पोराला आधी देणार, "खा रं बाळा, हॉस्टेलात काय मिळतंय तुला". मग पुण्याला निम्मा डबा रिकामा होऊन पुन्हा गच्च भरायचा. दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, एवढा धक्का बसायचा की वरच्या बर्थवरचा माणूस जागा होणार म्हणजे होणार, आणि गाडी उलटी निघाली की पहिल्यांदाच प्रवास करणारं कुणीतरी घाबरून ओरडायचं, अहो ही तर परत पुण्याला चालली! मग सगळा डबा मिळून त्याला समजावणार. पंखा अडला की कुणीतरी खिशातला कंगवा काढून पातं ढकलून चालू करायचं, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

मनमाडच्या अलीकडे उजाडलं की खिडकीतून अंकाई टंकाईचे किल्ले आणि तो हडबीची शेंडी नावाचा सुळका दिसायचा, मी गजाला कपाळ टेकवून बघत बसायचो. भुसावळला केळी, शेगावला कचोरी. शेगावला गाडी थांबायच्या आधीच कचोरीवाले धावत डब्यात शिरायचे, कागदात दोन कचोऱ्या आणि तळलेली मिरची, तेल कागदातून बोटांना लागायचं आणि मग ते हात पुसायचे कुठे हा प्रश्न. तिथून पुढे बोलणं पण बदलायचं, "कुठं चालला रे भाऊ" कानावर आलं की घर आल्यासारखं वाटायचं. बडनेऱ्याला उतरून अमरावतीची गाडी पकडायची.

हे सगळं आमच्यासारख्या शाळामास्तरांच्या पोरांना परवडायचं कारण सेकंड क्लास होता. थर्ड क्लास १९७४ ला बंद झाला खरा पण बाक लाकडीच होते, रात्रभर झोपून पाठ मोडून जायची. मधु दंडवते १९७७ ला रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी सेकंड क्लासच्या बर्थवर दोन इंच फोम लावायचं ठरवलं. आज वाचताना साधी गोष्ट वाटेल, पण ज्यांनी त्या लाकडावर रात्री काढल्यात त्यांना विचारा. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई हावडा गीतांजली सुरू झाली, तिला फर्स्ट क्लास नव्हताच, सगळे सारखे. म्हणजे साध्या प्रवाशाचा आधी विचार करता येतो, आपल्याच कोकणातून निवडून गेलेल्या माणसाने तो करून दाखवलाय.

आता काय होतंय, की स्लीपरची वेटिंग लिस्ट संपत नाही, जनरलच्या डब्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि एसीचं तिकीट हॉस्टेलच्या पोरांना, पुण्यात कामाला गेलेल्या यवतमाळ बुलढाण्याच्या मजुरांना परवडत नाही. ते मग ट्रॅव्हल्सला दिवाळीत तिप्पट पैसे मोजून जातात नाहीतर संडासाजवळ उभे राहून. एसी नको असं माझं अजिबात म्हणणं नाही, माझ्या वयाच्या लोकांना तो लागतोच, मी पण त्यानेच जातो. पण तो जादा डबा लावून द्या, स्लीपर काढून नको.

आपल्या पेपरने हा विषय लावून धरावा ही विनंती. विदर्भातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या खासदारांनी पण एकत्र येऊन रेल्वेमंत्र्यांना सांगावं, की निदान महाराष्ट्र एक्सप्रेससारख्या गाड्यांत स्लीपर आणि जनरलचे डबे वाढवा, आणि दिवाळी, उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्या स्पेशल गाड्या सोडता त्यांना जादा भाडं लावू नका.

आपला,
एक जुना प्रवासी, अमरावती