चि. मनीस, वाढदिवसाच्या आधी

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

यंदा माझा वाढदिवस करू नका, असं तू आजीला सांगितलंस. आजीने ते मला सांगितलं, कारणासकट. सात मुलांच्या घरात आपला दिवस कुणाच्या ध्यानात राहतो, आणि त्यातून तो गड्ड्याच्या, आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, तोंडावर. तुझ्याशी समोर बसून बोलायचं म्हटलं तर आपल्या घरात दोन मिनिटं सलग मिळत नाहीत, म्हणून लिहिते. वाढदिवसाला मी प्रत्येकाला पत्र लिहितेच, तुझं यंदा आठ दिवस आधी.

तुझं म्हणणं खरं आहे. १२ जानेवारी म्हणजे घर आधीच भरलेलं असतं. अक्कलकोटची आत्या, विजापूरकडचे पाव्हणे, हॉलभर अंथरुणं. काका यात्रेतल्या नंदीध्वजाच्या सरावाहून रात्री उशिरा येतो आणि त्याची बाराबंदी कुठे ठेवली यावरून सगळं घर उठतं. काकू भोगीसाठी तीळ निवडत असते, आजी शेंगा भाजत असते, जुळ्यांना होम मैदानावरच्या पाळण्यांशिवाय काही सुचत नाही. दादाचा वाढदिवस जूनमध्ये, ताईचा श्रावणात. त्यांना मोकळं घर मिळतं. तुझ्या औक्षणाला मात्र ओळखीची निम्मी माणसं आणि कडेवरची अनोळखी बाळं. हे मी बारा-तेरा वर्षं बघते आहे.

तरीही वाढदिवस करायचा नाही, हे मला मान्य नाही. का, ते नीट सांगते.

एरवी मी तुला कधी बघते, विचार कर. नळाला पाणी यायचं त्या दिवशी सगळे पहाटे उठतो. चार-पाच दिवसांचं पाणी तेवढ्या वेळात भरून घ्यायचं, म्हणून प्रत्येकाला काम वाटलेलं. तू पाइप धरून पिंपाशी उभी. माझं तुझ्याशी बोलणं काय, तर ‘मने, वरच्या टाकीचं बघ’ आणि ‘मने, बंद कर’. मग ताटं, मग अभ्यासाची सतरंजी, कारण आपली शाळा घरातच. छोटी पाटीवर ‘ग’ गिरवते, जुळ्यांचे पाढे चालू, भाऊ बीजगणितात डोकं घालून बसलेला, ताईला हिशेबाचं काहीतरी जुळत नाही. काकू एका टोकाला, मी दुसऱ्या. जो हाक मारेल त्याच्याकडे जायचं. तू हाक मारत नाहीस. तुझं तू वाचतेस, अडलं तर दोनदा वाचतेस, आणि ते झालं की छोटीची पाटी पुसून देतेस.

मोठ्या घरात ज्याचं अडतं त्याच्याकडे सगळे बघतात. ज्याचं अडत नाही ते पोर दिवसचे दिवस नजरेआड राहू शकतं, आणि तेही सगळ्यांच्या मध्ये बसून. म्हणून आम्ही दोघी जावांनी अगदी सुरुवातीला, दादा आणि ताई लहान असताना, ठरवलं होतं की या घरात वाढदिवस सोडायचा नाही. कुणाला ताप नाही, कुणाचं गणित चुकलेलं नाही, कुणी भांडलेलं नाही, आणि तरी दिवसभर त्या एकाकडेच बघायचं. मुलं शाळेत गेली असती तर निदान कुणीतरी बाहेरच्याने तुला वेगळं, तू म्हणून पाहिलं असतं. ते आपल्याकडे घरातल्यांनीच करायचं आहे. बाकी सगळं, फुगे, केक, हॉल, असलं काय आणि नसलं काय.

त्या दिवशी तुमच्या वाट्याचं काम दुसऱ्यांनी करायचं आणि अभ्यास कशाचा करायचा ते वाढदिवसवाल्याने ठरवायचं, हे तुला पाठ आहे. दादाने एका वर्षी सायकल खोलायला घेतली होती आणि सातजणांनी मिळून ती संध्याकाळपर्यंत पुन्हा जोडली. भाऊने नान्नजचं माळरान मागितलं. माळढोक पक्षी काही दिसला नाही, काळवीट मात्र डोळे भरून पाहिले, आणि परत येताना माळढोक का उरले नाहीत यावर तो आणि बाबा बोलत होते ते मी मागच्या सीटवरून ऐकत होते. जुळ्यांनी मुंग्या मागितल्या. त्यासाठी घराबाहेर जावंच लागलं नाही.

तू काय मागितलंस, ते तुझ्या लक्षात आहे का? आठवं लागलं तेव्हा तू म्हणालीस, चार पुतळ्याला जायचं. लहानपणापासून १२ जानेवारीला बाबा तुला तिथे नेत होते, हार-फुलं बघायला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन ही चार नावं तू बडबडगीतासारखी म्हणायचीस. त्या वर्षी पहिल्यांदा तू विचारलंस की यांचाही वाढदिवस आज असतो का. बाबांनी सांगितलं, नाही, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी दिली. तू बराच वेळ गप्प होतीस. घरी आल्यावर आजीजवळ जाऊन विचारलंस, ‘त्या दिवशी यांच्या आया कुठे होत्या?’

आजीला उत्तर देता आलं नाही, मलाही नाही. पण दिवसाचा अभ्यास तोच झाला. ताईने १९३० च्या मे महिन्यातलं सोलापूर शोधून काढलं: गांधीजींच्या अटकेनंतर पेटलेलं गाव, गोळीबार, मग मार्शल लॉ. भाऊने जुन्या गावाचा नकाशा काढला. तू एका कागदावर चार चौकोन आखलेस आणि प्रत्येकात एक बाई काढलीस. एकीच्या हातात परात होती, एक दारात उभी होती, उरलेल्या दोघींचं तोंड तू काढलं नव्हतंस. तो कागद माझ्या कपाटात आहे. इतिहासाच्या कुठल्याही परीक्षेत हा प्रश्न येणार नाही, पण तो आठव्या वर्षी तुला पडला.

आणि बाराव्याला तू बाबांचा कारखाना मागितलास. आता तिथे टॉवेल जास्त निघतात, पण कोपऱ्यातला चादरीचा जॅकार्ड माग तेव्हा चालू होता. बाकीची मुलं आवाजाने कानावर हात ठेवून बाहेर पळाली. तू वर चढणाऱ्या पुठ्ठ्याच्या कार्डांकडे बघत राहिलीस. मागावरच्या मामांनी तुला एक जुनं कार्ड हातात दिलं. भोक आहे तिथे धागा वर उचलला जातो, नाही तिथे खालीच राहतो, एवढंच ते बोलले. तू घरी येऊन चौकटीच्या वहीत बसलीस. मोराची मान तिरकी काढायची तर चौकोनांच्या पायऱ्या कशा कराव्या लागतात, त्यावर तुझे चार दिवस गेले. पाने फाडलीस, पुन्हा आखलीस. मी चहा देऊन जायचे तेव्हा तू वर बघतही नव्हतीस. चौथ्या दिवशी तू वही माझ्यासमोर धरलीस. तो मोर होता. दोन हात लांब धरून बघितल्यावर तर खरोखरच सोलापुरी चादरीवरचा मोर. बाबांनी तो कागद कारखान्यात नेऊन दाखवला, हे तुला माहीत आहे. मास्तरांनी त्यातल्या मानेच्या एका ओळीवर बोट ठेवून ‘ही पोरीने बरोबर सोडवली’ म्हटलं, हे बहुधा माहीत नसेल.

म्हणून म्हणते, वाढदिवस नसता तर हे मला कधी दिसलं असतं? पाइप धरणारी, पाटी पुसणारी मनीच दिसत राहिली असती.

आता दुसरं. मला वाटतं, गड्ड्याचं आणि गर्दीचं कारण अर्धंच आहे. गेल्या वर्षी औक्षण झाल्यावर पाव्हण्यांतल्या एकीने तुला विचारलं, ‘कितवीत गं?’ तू माझ्याकडे पाहिलंस. मग एकाने ‘सतरा नव्वे किती’ विचारलं, आणि घरी शिकणाऱ्या मुलांची परीक्षा घ्यायला हरकत नसते अशा थाटात एकामागून एक प्रश्न सुरू झाले. तू सगळ्यांची उत्तरं दिलीस. पण तुझ्या पोळीचा तुकडा ताटात तसाच राहिला होता. वाढदिवस नको याच्या मुळाशी ते असेल, तर तसं स्पष्ट सांग. तो प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. त्यांना मुलाची ओळख इयत्तेने करून घ्यायची सवय आहे, दुसरा धागा त्यांना माहीत नाही. तरी तुझ्या वाढदिवशी तुझी तोंडी परीक्षा होणार नाही, हे बघणं माझं काम आहे आणि ते मी यंदा करणार आहे. यंदा पाव्हण्यांना दुपारच्या जेवणालाच बोलावलं आहे. सकाळ आपल्या घरच्यांचीच. औक्षण उजाडायच्या सुमाराला करायचं, आजी कणकेचे चौदा दिवे लावणार, आणि वाढदिवसाची वही तेव्हाच वाचायची.

वहीत कोण काय लिहितंय ते सांगायचं नसतं, पण छोटीचं सांगते, कारण तिला लिहिता येत नाही आणि ती सगळ्यांना दाखवत सुटली आहे. यंदा मनीताईकडून काय शिकलीस, असं विचारल्यावर तिने ‘ग’ काढला. पानभर एकच ‘ग’, काना जरा कलता.

चौदा पूर्ण होतात म्हणजे एनआयओएसच्या, म्हणजे मुक्त विद्यालयाच्या, दहावीला तुझं नाव घालता येईल. दादा आणि ताई त्याच वाटेने गेले. बाहेरून परीक्षा द्यायच्या बोर्डाच्या १७ नंबर फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला मागतात, आणि तू कुठल्या शाळेत गेलीच नाहीस तर सोडणार कुठून, म्हणून आपण मुक्त विद्यालयच धरलं. पाच विषय घ्यायचे, त्यात एक तरी भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा असते, नोंदणी पाच वर्षं चालते, आणि एखाद्या विषयात पास झालं की तो जमा राहतो, पुन्हा द्यावा लागत नाही. तेव्हा पाचही एकदम द्यायचे की दोन-दोन करून, ते तू ठरव. दादाने एकदम दिले. ताईने गणित मागे ठेवलं आणि सहा महिन्यांनी शांतपणे सोडवलं. दोन्ही रीती चांगल्या.

एकच सांगणं आहे. ‘कितवीत गं’ला उत्तर मिळावं म्हणून दहावी देऊ नकोस. ते उत्तर मी देईन. पुढे कॉलेजात जायचं असेल, विणकामाच्या डिझाइनचं शिकायचं असेल, त्यासाठी दे. दहावीनंतर तुला सकाळी डबा घेऊन बाहेर पडावंसं वाटलं, वर्गात पन्नासजणांत बसावंसं वाटलं, तर मोकळेपणाने जा. घरी शिकवलं ते तुम्हाला घरात ठेवण्यासाठी नव्हतं. आजी थोडी कुरकुरेल, कारण दुपारी तिच्याशी कानडीत बोलणारी तूच एक आहेस. तिला मी बघून घेईन.

वाढदिवसाचा माझ्याबरोबरचा संध्याकाळचा तास कुठे घालवायचा तेही ठरवून ठेव. गेल्या वर्षी तलावाच्या काठाने गेलो तेव्हा गर्दीत तुझा हात सोडवत नव्हता, बोलणं झालंच नाही. यंदा किल्ल्याच्या बागेत बसायचं का? की कारखान्यात, माग बंद झाल्यावर? बाबा किल्ली देतील.

मराठी, गणित, विज्ञान आणि चित्रकला हे चार विषय तू ठरवलेच आहेस असं ताई म्हणाली. पाचवा सामाजिक शास्त्र की अर्थशास्त्र, एवढं मला वाढदिवसाच्या आत सांग. आणि आजी विचारते आहे, शेंगापोळीत यंदा वेलदोडा घालायचा की तुला नुसत्या शेंगा-गुळाचीच आवडते.

तुझी,
आई