अपडेट मारून ड्राइव्ह बदलत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परभणीत २५ वर्षांपासून माझं टीव्ही आणि डीव्हीडी प्लेयर दुरुस्तीचं दुकान आहे. अलीकडे गेम कन्सोलही टेबलावर येतात. त्यातल्याच एका अनुभवावरून हे पत्र लिहितो आहे.

मागच्या महिन्यात माझा भाचा मानवतहून एसटीनं आला, मांडीवरच्या पिशवीत कन्सोल सांभाळत. दाजींनी मोंढ्यात सोयाबीन घातलं होतं. पट्टी हातात आली तेव्हा त्यातून पोराला जुना प्लेस्टेशन ४ प्रो घेऊन दिला. विकताना दुकानदार म्हणाला, "फोर-के मशीन आहे. फोर-के डिस्क आज नाही चालली तरी अपडेट मारा, चालेल." फोर-के म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचं चित्र. पोरानं त्यावर विश्वास ठेवला. सहा महिने गच्चीवर मोबाइल ठेवून, हॉटस्पॉटवर एकेक अपडेट उतरवलं. वाढदिवसाला मिळालेल्या पैशातून फोर-केची एक डिस्कही मागवून ठेवली.

ती डिस्क मी स्वतः आत सरकवली. मोटर फिरली. लेन्स वर-खाली होत फोकस शोधत होती, त्याचा बारीक टिकटिक आवाज येत होता. दोन-तीनदा फिरून थांबली आणि डिस्क वाचता येत नाही असं पडद्यावर आलं. लेन्स पुसून पुन्हा लावली, तेच. मग माझ्याकडची साधी, म्हणजे फुल एचडी सिनेमाची, ब्लू-रे डिस्क लावली, ती लगेच सुरू झाली. म्हणजे मशीनमध्ये बिघाड काहीच नव्हता. भाच्यानं विचारलं, "मामा, पुढच्या अपडेटला चालेल ना?" त्याला नाही म्हणताना माझ्या जिवावर आलं.

साध्या ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी मावतात, दोन थरांत ५०. फोर-के सिनेमाच्या डिस्का बहुतेक ६६ किंवा १०० जीबीच्या असतात. ६६ च्या डिस्कला थर दोनच, पण माहिती जास्त दाटीनं कोरलेली. १०० च्या डिस्कला तिसरा थर. लेसर दोन्हीकडे निळाच, पण ही दाटी आणि तो तिसरा थर वाचायला ड्राइव्हच, म्हणजे मशीनमधला डिस्क वाचणारा भागच, त्यासाठी बनवलेला लागतो. शिवाय या डिस्कांचं नक्कल रोखणारं कुलूपही नवं आहे, जुन्या ब्लू-रेच्या किल्लीनं ते उघडत नाही. २०१६ साली प्लेस्टेशन ४ प्रो आला तो साध्या ब्लू-रेचा ड्राइव्ह घेऊनच. त्याच वर्षी आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन एस या कन्सोलमध्ये फोर-के डिस्कचा ड्राइव्ह होता, म्हणून तो त्या डिस्का चालवतो.

लोक फसतात याचं कारणही मला कळतं. प्रोवर नेटवरून फोर-के सिनेमा खरोखर दिसतो. चित्र उलगडायची ताकद मशीनमध्ये आहे, अडतं ते डिस्क वाचण्यापाशी. आणि अपडेटनं मोठी कामं झालेलीही आहेत. २००६ साली आलेल्या प्लेस्टेशन ३ ला २००७ च्या अपडेटनं डीव्हीडीचं चित्र फुल एचडीपर्यंत ताणून दाखवता येऊ लागलं, आणि २०१० च्या अपडेटनं तो थ्रीडी ब्लू-रे चालवू लागला. ते जमलं, कारण थ्रीडीची डिस्क जुन्याच २५-५० जीबीच्या जातीची होती. ड्राइव्हला ती आधीच वाचता येत होती, प्रोसेसरला फक्त नवं काम शिकवायचं होतं. २०१६ च्या अपडेटनं साध्या प्लेस्टेशन ४ लाही एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचे जास्त बारकावे दाखवणारं चित्र, मिळालं. अपडेट मशीनला नवी विद्या देतं, नवे डोळे देत नाही. हे मी रोज गिऱ्हाइकाला सांगतो, पण माझ्याकडे माणूस येतो तो पैसे गेल्यावर.

परत घ्यायला तो दुकानदार तयार नाही. "मी असं बोललोच नाही," म्हणतो, आणि बिलावर नुसतं 'गेम मशीन' लिहिलंय. दाजींसारख्या माणसानं पुढं काय करायचं? ग्राहक संरक्षण कायदा आहे, जिल्हा आयोग आहे, पण तोंडी शब्दाचा पुरावा कुठून आणणार?

म्हणून विक्रेत्यांना माझी कळकळीची विनंती आहे: ड्राइव्ह कोणत्या डिस्का वाचतो ते बिलावर लिहून द्या. घेणाऱ्यांनीही ते लिहून घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत. फोर-के डिस्क आजच दुकानात लावून बघावी. तिची डबी बहुतेक काळी असते आणि वर 'अल्ट्रा एचडी ब्लू-रे' छापलेलं असतं. आज चालली नाही, तर उद्याच्या अपडेटवर एक रुपयाही लावू नये. प्लेस्टेशन ५ घेतानाही डिस्कवाला आहे की डिजिटल, हे बघावं. डिजिटलला ड्राइव्हच नसतो. २०२३ पासूनच्या नव्या बारीक मॉडेलला तो वेगळा विकत घेऊन जोडता येतो, तिथंही नुसत्या अपडेटनं भागत नाही.

दिवाळीत आपल्या पानांवर इलेक्ट्रॉनिक्सच्या जाहिराती भरभरून येतात. त्याच आठवड्यात ही माहिती एका चौकटीत छापावी, एवढी विनंती.

आपला,
एक दुरुस्ती कारागीर, परभणी