टप फाटला तर आधी पत्रा पाहा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांवर छान लेख आला होता. फक्त टपावरचं रेक्झिन फाटलं तर त्यावरच नवं डकवून घेण्याचा सल्ला वाचून राहवलं नाही. मी तेच करून पस्तावलो आहे.

आमच्याकडे १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी संत्र्याच्या पैशातून घेतली आणि हौसेनं टपावर काळं व्हिनाइल, म्हणजे रेक्झिनच, चढवलं. मूळची ही अमेरिकी फॅशन. १९६२ च्या फोर्ड थंडरबर्ड लँडोवर असाच टप होता. लोखंडी छताला कापडी छताचा आव आणायचा, बस. वरुडच्या उन्हात काळा टप म्हणजे तवाच, पण लग्नसराईत नवरदेवासाठी हीच गाडी मागायला लोक यायचे.

व्हिनाइल म्हणजे कापडावरचा पीव्हीसीचा थर. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हानं उडत जातं आणि व्हिनाइल शिवणीवर तडकतं. तिथून पाणी शिरतं, खालचं कापड ते धरून ठेवतं आणि झाकल्या जागी पत्रा सडतो. मागच्या काचेलगत बोटानं दाबून बघा. कुरकुरलं की गंज समजा.

मी शहरातल्या एका दुकानात जुन्यावरच नवं लावून घेतलं. दुसऱ्याच पावसाळ्यात मागच्या सीटवर थेंब पडू लागले. मग गावातल्या कुशनवाल्या पोराकडे गेलो. त्यानं कोपरा उचलला आणि म्हणाला, "काकाजी, पत्रा कुठी राह्यला! चायनी (चाळणी) झाली याची."

काचा, रबर, चकचकीत पट्ट्या, सगळं उतरवलं. आतलं छताचं कापडही काढलं, नाहीतर वेल्डिंगच्या ठिणगीनं पेटलं असतं. भोकांवर लांबी (पुट्टी) थापली नाही. सडका भाग कापून नवा पत्रा जोडला, वर गंज अडवणारा इपॉक्सी प्रायमर मारला. रेक्झिन उन्हात टाकून मऊ केलं (वैशाखात हीट गन कशाला लागते!), पण चिकटवलं मात्र सकाळी, कडुनिंबाच्या सावलीत, उन्हात सोल्यूशन हात फिरवायच्या आत वाळतं. मधोमध खडूची रेघ, अर्धं रेक्झिन दुमडून ठेवलेलं, पत्र्याला आणि रेक्झिनच्या पाठीला, दोन्हीकडे सोल्यूशन. ते बोटाला लागेनासं झालं की मधून कडेकडे दाबत जायचं. चुकलं तर उचलता येत नाही. सोल्यूशनही उष्णता सोसणारं हवं. चपलेचं मे महिन्यात सुटतं.

एवढ्याला पंधरा दिवस आणि पहिल्यापेक्षा तिप्पट पैसे लागले. पहिले पैसे तर पाण्यातच गेले. पुरवणीत तेवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती. आणि त्या लेखात ताडपत्री झाकायलाही सांगितलं आहे, तेही काढा. आमची गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उघडीच असते. ताडपत्रीखाली ओल धरते.

– एक संत्रा बागायतदार, ता. वरुड, जि. अमरावती