ड्रिल टाळता येईल का, विचारलंस म्हणून

प्रिय संजू,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज क्रू मेसमध्ये जेवताना वाचला. क्रूझचं बुकिंग झालं, काका-काकूंचे व्हिसा आले, वाचून बरं वाटलं. अडलो ते शेवटच्या ओळीवर. ‘पहिल्याच दिवशी ते सेफ्टी ड्रिल असतं म्हणे. बाबांचे गुडघे दुखतात, तुझ्या ओळखीने टाळता येईल का?’ एका ओळीत उत्तर हवं असेल तर ‘नाही’. पण तेवढ्यावर तू ऐकणारा नाहीस, म्हणून सवडीने लिहितोय.

मी वेटर, हे तुला माहीतच आहे. पण बोटीवर प्रत्येकाला दुसरीही एक नोकरी असते. गाणी म्हणणारी मुलगी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून रस्ता दाखवते, केबिन साफ करणारा खोल्या तपासतो. मी मस्टर स्टेशनवर हजेरी घेतो. मस्टर स्टेशन म्हणजे संकटात प्रवाशांनी जमायची जागा. कुठे ते थिएटर असतं, कुठे रेस्टॉरंट, कुठे लाइफबोटींखालचा उघडा डेक. केबिन उघडायच्या तुमच्या की-कार्डवर त्याचं अक्षर छापलेलं असतं. सात छोटे भोंगे आणि त्यामागून एक लांब भोंगा ऐकला की तिथे यायचं. त्याचाच सराव म्हणजे ड्रिल.

एवढंच काम, पण ते चुकवायला माणसं काय काय करतात! कोणी बाथरूममध्ये कडी लावून बसतो. कोणी बिअरचा ग्लास हातात धरून येतो आणि तो खाली ठेवायला सांगितलं तर मॅनेजरला बोलवा म्हणतो. सगळ्यात अवघड जुनी गिऱ्हाइकं. गळ्यातलं सोनेरी कार्ड दाखवून ‘बाळा, तुझ्या जन्माआधीपासून मी क्रूझ करतोय’ असं ऐकवणारे. त्यांना जुन्या बोटीचं सगळं पाठ असतं, या बोटीवर आपला जिना कुठला ते मात्र विचारू नये. आपली मंडळीही मागे नाहीत. एकदा टूरचा मोठा मराठी ग्रुप होता. ग्रुपमधले एक दादा एकटेच आले, हातात बारा-चौदा की-कार्डं. ‘सगळ्यांच्या वतीने मी आहे, लावा हजेरी. बायका बॅगा उघडतायत.’ मी मराठीत बोललो तेव्हा त्यांना वाटलं काम झालं. मी त्यांना परत पाठवलं. नंतर सगळे आले, हातात चिवड्याचा डबा, चेहरे लांब. एका मावशींनी तर मला माझं आडनाव विचारून घेतलं, कशासाठी कुणास ठाऊक.

संजू, सगळ्यांना वाटतं की ड्रिल म्हणजे प्रवाशाला लाइफजॅकेट घालायला शिकवणं, आणि ते काय, दोन मिनिटांत येतं. ते थोडं खरंही आहे. पण आमच्या बाजूने बघितलंस तर मुख्य भानगड वेगळी आहे, ती मोजणीची. ‘सोलास’ म्हणून समुद्रावरच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार आहे. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ मध्ये तो पहिल्यांदा झाला, आता चालतो तो १९७४ चा. त्यात म्हटलंय की सगळे जमून, लाइफजॅकेट घालून तयार झाल्यावर, बोट सोडायचा इशारा झाला की ३० मिनिटांत लाइफबोटी भरून पाण्यात उतरल्या पाहिजेत. पुन्हा वाच. घड्याळ सुरू होतं ते सगळे जमल्यावर. जमायला लागणारा वेळ त्यात धरलेलाच नाही. क्रूचं ड्रिल दर आठवड्याला होतं, लाइफबोटी कशा उतरवायच्या हे आम्हाला झोपेत विचारलं तरी येतं. जमण्याचा वेळ मात्र ज्यांना हातातला ग्लास ठेववत नाही त्यांच्या हातात असतो.

आणि यादीत एक नाव कमी पडलं की काय होतं? कोणालातरी ते शोधायला जावं लागतं. प्रवासी जिना उतरत असताना आमचा माणूस उलटा वर चढतो, केबिनची दारं ठोठावतो, उघडतो, बाथरूममध्ये डोकावतो, खोली रिकामी असेल तर दारावर खूण करून पुढे जातो. दुसऱ्याच्या स्टेशनवर जाऊन मजेत उभ्या राहिलेल्या माणसासाठीही तो तितकाच शोधत बसतो. यात बहुतेक वेळा फिलिपिनो, इंडोनेशियन नाहीतर आपलाच गोव्याचा एखादा पोरगा असतो. म्हणून ड्रिल बुडवणाऱ्याचा मला राग येतो. तो स्वतःचा जीव धोक्यात घालतो म्हणून नाही, त्याचा तो मुखत्यार आहे.

तुम्ही चिवितावेक्कियाहून चढणार ना? रोमचं बंदर तेच. १३ जानेवारी २०१२ ला संध्याकाळी तिथूनच कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट निघाली, ४,२२९ माणसं घेऊन. जिल्यो बेटाजवळून नको इतकी किनाऱ्याला लगटून नेली आणि रात्री पावणेदहाच्या सुमारास खडकावर घातली. ३२ जण गेले. त्या दिवशी त्या बंदरात चढलेल्या सुमारे सातशे प्रवाशांचं ड्रिल झालंच नव्हतं, ते दुसऱ्या दिवशी व्हायचं होतं. यात नियम कोणी मोडला नव्हता बरं का. तेव्हाचा नियमच होता की प्रवासी चढल्यापासून २४ तासांत ड्रिल घ्या. धडक बसल्यावर लोकांना आधी सांगितलं की विजेचा बिघाड आहे. काहींना तर केबिनमध्ये परत जायला सांगितलं. बोट सोडायचा हुकूम निघेपर्यंत तास उलटून गेला होता आणि बोट इतकी कलली की लाइफबोटी धड उतरेनात. ड्रिल झालं असतं तर कॅप्टनला अक्कल आली असती असं मी म्हणणार नाही. त्याला १६ वर्षांची शिक्षा झाली ती उगाच नाही. पण ज्यांना आपली जागाच माहीत नव्हती, त्यांनी त्या अंधारात, तिरक्या जिन्यावर काय करायचं? सगळ्यात शेवटी सापडलेला एकजण आपल्या मुंबईकडचा वेटर होता. त्याचे अवशेष नोव्हेंबर २०१४ मध्ये मिळाले, बोट जेनोआला ओढून नेल्यानंतर. आमच्याकडे नवीन वेटर आला की त्याला हे कोणीतरी सांगतंच.

त्या अपघातानंतर महिन्याभरातच मोठ्या क्रूझ कंपन्यांनी आपणहून ठरवलं की ड्रिल बोट सुटायच्या आधीच घ्यायचं. पुढे १ जानेवारी २०१५ पासून नियमच झाला, सुटायच्या आधी किंवा सुटल्याबरोबर. म्हणून तुमचं पहिल्याच दिवशी आहे. आमच्या मॅनेजरच्या मनात आलं म्हणून नव्हे.

आणि हे सगळं जुनं झालं असंही नाही. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात व्हायकिंग स्काय या क्रूझ बोटीची इंजिनं बंद पडली. वंगणाचं तेल कमी होतं, समुद्र उसळलेला, बोट खडकांकडे वाहत चाललेली. १,३७३ माणसं होती. प्रवासी स्टेशनवर जमले तर एका ठिकाणी तिथेच पाणी घुसलं. हेलिकॉप्टरने एकेक करून ४७९ जणांना उचललं, बाकीचे दुसऱ्या दिवशी बोटीनेच मोल्डे बंदरात पोचले. सगळे वाचले. हेलिकॉप्टर एकेक माणूस उचलतं तेव्हा खाली उरलेले किती आणि कुठे, हे कोणालातरी पक्कं ठाऊक असावं लागतं.

आता काकांच्या गुडघ्यांचं. पूर्वी खरंच हाल होते. हजारो माणसं एकाच वेळी डेकवर, रांगेत, उन्हात, लाइफजॅकेटचे पट्टे पायात येतायत, पोरं रडतायत. कोविडनंतर बऱ्याच कंपन्यांनी ते बदललं. फोनवर किंवा केबिनच्या टीव्हीवर व्हिडिओ बघायचा, भोंगा ऐकायचा, मग आपल्या सवडीने स्टेशनवर जाऊन कार्ड स्कॅन करायचं. पाच मिनिटांत मोकळे. कार्ड स्कॅन करायचं राहिलं असेल तर आधी फोन येतो, मग लाउडस्पीकरवर बोलावणं येतं.

प्रवासी खूश आहेत, कंपन्या खूश आहेत. मी अर्धाच खूश आहे. हजेरी चांगली लागते, हे कबूल. पण टीव्ही चालू ठेवून लोक आंघोळीला जातात, आणि व्हिडिओ बघितल्याची नोंद होते. उन्हात उभं राहिलेल्या माणसाला निदान कळायचं की इतके लोक एका जिन्याने उतरायला किती वेळ लागतो, आणि शेजारच्या व्हीलचेअरवाल्या आजींना कोणीतरी हात द्यावा लागेल. स्कॅनर तेवढं शिकवत नाही. माझ्या हातात असतं तर पहिल्या दिवशी स्कॅनिंग आणि मधे एकदा सगळ्यांना भोंग्यावर प्रत्यक्ष बोलावणं, असं ठेवलं असतं. वरिष्ठांना हे बोललो तर ते हसले.

आपल्याकडचं तर बोलायलाच नको. रामदास बोट १७ जुलै १९४७ ला रेवसला येताना बुडाली, सहाशेवर माणसं गेली, हे आपल्या आज्यांनी किती वेळा सांगितलं. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीच्या लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली, मग गेटवेवर लाइफजॅकेट सक्तीचं झालं. गेल्या सुट्टीत मांडव्याला येताना बघितलं, जेट्टी सुटली की अर्धी जॅकेटं बाकाखाली आणि माणसं कठड्याशी, सीगलना कुरकुरे टाकायला.

असो. करायचं ते असं. काकांना चालायचा त्रास आहे हे बुकिंगवाल्यांना आत्ताच लेखी कळव. बोटीवर चढल्यावर रिसेप्शनला पुन्हा सांग. त्यांचं नाव मदतीच्या यादीत जातं आणि खऱ्या प्रसंगी त्यांच्यासाठी माणूस ठरलेला असतो, कारण तेव्हा लिफ्ट वापरायची नसते. केबिन घेताना जिन्यापासून लांबची घेऊ नकोस, समुद्र दिसला नाही तरी चालेल. लाइफजॅकेट कपाटात आहे का बघ. नसेल तर ते स्टेशनवर मिळतं, विचारून घे. जेवायच्या आधी दुपारीच तिघं मिळून चालत स्टेशनवर जाऊन या, तेव्हा गर्दी नसते. काकूंना व्हिडिओतलं इंग्रजी कळलं नाही तर तू सांग, आणि ‘हो हो’ म्हणाल्या तरी एकदा जॅकेट घालून दाखवायला लाव. तुला त्यांचं ‘हो हो’ माहीत आहे.

आणि ओळख लावायचीच असेल तर डायनिंग रूमसाठी लाव. तुमच्या बोटीवर आमचा एक रत्नागिरीचा माणूस हेड वेटर आहे, त्याला मी काकूंच्या उपासाचं कळवून ठेवतो. साबुदाणा मिळणार नाही, पण उकडलेले बटाटे, दही आणि फळं नक्की. तारखा आणि केबिन नंबर पाठव.

तुझा,
नंदू